द्राक्षबागायतदाराची युरोप सहल : शेंगेन व्हिसा, सातबारा आणि उसने दहा लाख

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. तासगावजवळचे एक द्राक्षबागायतदार, वय ६१. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची बागेतली कामं मार्गी लावून ८ जूनला निघायचं आणि १६ रात्री फिरायचं: पॅरिस ३, मग लंडनला भाचीकडे ४, तिथून स्वित्झर्लंड ५, शेवटी इटली ४ आणि २४ जूनला रोमहून मुंबई. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आयटीआर, म्हणजे आयकर विवरणपत्र, कधी भरलेला नाही. एजंटाने दोन सल्ले दिलेत. कुणाकडून तरी १० लाख आणून तीन महिने खात्यात ठेवा, आणि ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्याच्याकडे अर्ज टाका. हे करावं का, आणि आयटीआर नसताना व्हिसा मिळतो का, असं त्यांनी विचारलंय.

मिळतो. मी गेली बावीस वर्षं व्हिसाच्या फायली लावतोय आणि त्यात सांगली-नाशिकचे बागायतदार भरपूर आहेत. पण एजंटाचे दोन्ही सल्ले पाळलेत, तर चांगली चाललेली फाइल तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवाल.

आधी पैशाचं बोलू, कारण सगळ्यांची झोप त्यानेच उडते. खात्यात अमुक लाख असले की व्हिसा, असा नियम कुठेच नाही. शेंगेन देश, म्हणजे युरोपातले एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणारे देश, रोजच्या खर्चाचा एक संदर्भ आकडा ठेवतात. स्वित्झर्लंडचा माणशी दिवसाला १०० फ्रँक आहे. फ्रान्सचा हॉटेल बुकिंग असेल तर ६५ युरो. तुमचे शेंगेनमधले दिवस १४ भरतात. रात्री १२ असल्या तरी आत जायचा आणि बाहेर पडायचा दिवस दोन्ही धरतात, म्हणून १४. दोघांचे स्विस हिशेबाने २८०० फ्रँक झाले. द्राक्षबाग असलेल्या आणि घरात पेन्शन येणाऱ्या जोडप्याला हे दाखवायला उसने पैसे कशाला लागतात?

आता उसन्या दहा लाखांचं काय होतं ते बघा. बँक स्टेटमेंट वाचणारा माणूस शेवटचा आकडा सगळ्यात शेवटी बघतो. आधी तो खात्याची चाल बघतो: पैसे कुठून येतात, कधी येतात, कशावर जातात. तुमच्या खात्याची चाल मला न बघताच माहीत आहे. फेब्रुवारी ते एप्रिल व्यापाऱ्याचे आणि अडत्याचे मोठे आकडे जमा, मग बेदाण्याचे सौदे होतील तसे अधूनमधून, आणि एरवी खतं, औषधं, मजुरी, सोसायटीचा हप्ता. या चालीत मार्चमध्ये आलेले ७ लाख अगदी सरळ दिसतात. पण कुणा तिऱ्हाईताच्या नावाने आलेले एकरकमी १० लाख, जे तीन महिने हलतच नाहीत, ते पांढऱ्या धोतरावर शाईचा डाग पडावा तसे दिसतात. अधिकाऱ्याच्या मनात मग एकच विचार येतो: हे यांचे नाहीत, तर यांचं बाकीचं काय खरं आहे? नकाराच्या छापील फॉर्मवर ‘दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही’ अशा अर्थाचा रकाना असतो, त्यावर खूण तिथूनच येते. पैसे कमी म्हणून नकार आलेले लोक मी पाहिलेत, पण पैशाची कहाणी जुळत नाही म्हणून नकार आलेले त्याच्या कितीतरी पट.

आयटीआर नसण्याचंही तसंच आहे. वकिलातीला आयटीआर हवा असतो तो उत्पन्नाचा पुरावा म्हणून. तुमचा पुरावा वेगळ्या कागदांत आहे, तेवढे ते कागद लावायचे. सातबारा आणि आठ-अ. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. गेल्या दोन हंगामांच्या द्राक्षविक्रीच्या पावत्या आणि बेदाण्याच्या अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या. या पट्ट्या लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते त्याच सगळ्यात मोलाच्या. कारण पट्टीवरची तारीख आणि रक्कम बँक स्टेटमेंटमधल्या जमा नोंदीशी जुळवून दाखवता येते. मी स्टेटमेंटवर त्या नोंदींसमोर पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे घालतो आणि तेच आकडे पट्ट्यांवर टाकतो. अधिकाऱ्याला मराठी येत नसतं, पण आकडे येतात. सातबारा, दाखला आणि पट्ट्यांचं इंग्रजी भाषांतर लागेल, ते अनुवादकाकडून सही-शिक्क्यासह करून घ्या. वर एका पानाचं सीएचं पत्र: क्षेत्र किती, पीक कोणतं, दोन वर्षांचं ढोबळ उत्पन्न किती, आणि भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र भरलेलं नाही. हे शेवटचं वाक्य नसेल तर समोरचा समजतो की कागद लपवलाय.

पुढच्या वर्षापासून मात्र आयटीआर भरायला लागा, कर शून्य असला तरी. शेतीचं उत्पन्न ५००० रुपयांच्या वर असलं की साधा आयटीआर-१ चालत नाही, एवढं सीएला आठवण करून द्या. घाईत चुकीचा फॉर्म भरून ठेवतात आणि मग तो दुरुस्त करण्यात वर्ष जातं.

आणखी एक. तुमचे व्यवहार पतसंस्थेत आणि जिल्हा बँकेत विभागलेले असतील, तर पतसंस्थेचं पासबुक जोडा, पण मुख्य स्टेटमेंट बँकेचं, सहा महिन्यांचं, शिक्का मारलेलं द्या. मुदत ठेवी असतील तर पावत्या लावा. त्या मोडून बचत खात्यात आणू नका. तोही एक एजंटी सल्ला असतो.

तुमच्या घरातला सगळ्यात भक्कम कागद मात्र सातबारा नाही, वहिनींची पेन्शन आहे. दर महिन्याला ठरल्या सुमारास तीच रक्कम जमा होते, आणि ती पुढेही होत राहणार. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत आणि स्टेटमेंट पुरेसं आहे. फक्त नाव तपासा. त्या पिढीतल्या बऱ्याच शिक्षिकांची सेवापुस्तकातली नोंद माहेरच्या नावाने असते आणि पासपोर्ट सासरच्या. तसं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. नोंदणी केलेलीच नसेल, तर ती आता करून घ्या, अजून वेळ आहे.

आता दुसरा सल्ला, देश निवडण्याचा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक छोटं गाव. १४ जून १९८५ ला पाच देशांनी तिथे करार केला. आज त्या क्षेत्रात २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, बल्गेरिया आणि रोमानिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत पण शेंगेनमध्ये आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. एका देशाने दिलेला व्हिसा सगळीकडे चालतो, म्हणून कुणाकडे अर्ज करायचा हे तुमच्या सोयीवर सोडलेलं नाही. जिथे मुक्काम सगळ्यात जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथून प्रथम आत शिराल तिथे. तुमच्या बेतात स्वित्झर्लंडच्या ५ रात्री सर्वात जास्त आहेत, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडचा. इथे एक रात्र इटलीकडे सरकवलीत तर उत्तर बदलतं, तेव्हा हॉटेलं बुक करून झाल्यावर बेत हलवू नका.

अर्ज स्वित्झर्लंडचा म्हणजे विमानही झ्युरिकलाच उतरलं पाहिजे, हा समज महाराष्ट्रातून काही केल्या जात नाही. स्विस व्हिसावर पॅरिसला उतरता येतं. फक्त पॅरिसला पासपोर्ट बघणारा विचारू शकतो की स्विस व्हिसा आणि इथे कसे? तेव्हा पुढची हॉटेलं आणि तिकिटं छापून हातातल्या पिशवीत ठेवा, मोबाइलवर विसंबू नका. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे दारावरचा अधिकारी ठरवतो, आणि सहलीचं कारण, मुक्काम, पैसे, परतीचं तिकीट विचारण्याचा त्याला अधिकार आहे. खोटे मुक्काम दाखवून तिसऱ्याच देशाचा व्हिसा काढलेला माणूस अडकतो तो इथे. दिलेला व्हिसा रद्दही करता येतो.

आता लंडन. एजंटाने ज्याचा उल्लेखच केला नाही ते हे. तुम्ही पॅरिसहून लंडनला जाताना शेंगेनमधून बाहेर पडता आणि झ्युरिकला उतरताना पुन्हा आत येता. म्हणजे तुम्हाला दोन प्रवेशांचा व्हिसा लागेल. अर्जात प्रवेशांची संख्या विचारणारा रकाना असतो, तिथे एकावर खूण केलीत तर एकच मिळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी ही चूक माझ्याच हातून झाली. पुण्याचं एक जोडपं, बेत जवळपास तुमच्यासारखाच. पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागून आल्यावर मी तारखा तपासल्या, नावं तपासली, प्रवेशांचा आकडा बघितला नाही. लंडनच्या विमानतळावर त्यांना रोमच्या विमानात चढू दिलं नाही. इटलीची सगळी हॉटेलं बुडाली आणि ते तिथूनच मुंबईला परतले. तिकिटांचे पैसे मी भरले. त्या काकूंनी पुढे दोन वर्षं दिवाळीला फोन केला नाही, ते अजून लागतं. तेव्हापासून स्टिकर हातात आला की मी आधी तो रकाना बघतो. १, २ किंवा एमयूएलटी, म्हणजे अनेक. तुम्हीही व्हिसा अर्ज केंद्राच्या दारातच बघा. चूक असेल तर ताबडतोब कळवायची असते.

त्याच स्टिकरवर दोन आकड्यांचा घोळ होतो. ‘पासून-पर्यंत’ ही मुदत असते आणि ‘मुक्कामाचे दिवस’ हा वेगळा रकाना. मुदत तुमच्या दिवसांपेक्षा साधारण १५ दिवसांनी जास्त दिलेली असते, विमान पुढे-मागे झालं तर अडचण नको म्हणून. ती बघून लोक म्हणतात, अजून पंधरा दिवस राहता येईल. येत नाही. दिवस १४ लिहिले असतील तर १४च. मधले लंडनचे दिवस यात मोजत नाहीत.

लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल, आणि मी तो आधी काढायला सांगेन. स्विस अर्जात दोन प्रवेश मागताना ब्रिटनचा व्हिसा हातात असला की मागणीला आधार राहतो, आणि ब्रिटनने नाही म्हटलंच तर बेत बदलायला वेळ मिळतो. वेळापत्रक मात्र घट्ट आहे. ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय १५ दिवसांत अपेक्षित असतो, पण कागद जास्त तपासायचे ठरवले तर ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतात. पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी असणार. म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिटन, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंड. पूर्ण ४५ दिवस लागले तरी मे संपण्याआधी पासपोर्ट घरी. एप्रिलची अपॉइंटमेंट फेब्रुवारीतच घेऊन ठेवा, कारण उन्हाळी सुट्टीवाल्यांची गर्दी तेव्हाच असते. त्या गर्दीत स्लॉट विकणारे दलाल निघतात, त्यांना पैसे देऊ नका.

भाचीकडून एक पत्र, तिच्या घराच्या पत्त्याचा पुरावा आणि ती तिथे कोणत्या परवान्यावर राहते त्याची प्रत घ्या. खर्च तुम्ही करणार असाल तर पत्रात तसंच लिहा. ‘सगळा खर्च मी करीन’ असं प्रेमापोटी लिहिलं, की मग तिच्या पगाराचे कागद मागे लागतात. ब्रिटनच्या अर्जात आजवर कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, असं स्पष्ट विचारतात. नाकारलेला असेल तर हो लिहायचं. लपवलेला नकार हा नकारापेक्षा महाग पडतो.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालला पाहिजे, म्हणजे तुमच्या बाबतीत २४ सप्टेंबरपर्यंत, आणि दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोंचा, वैद्यकीय खर्च आणि मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह. ८ ते २४ जून सलग घ्या, लंडन वगळून दोन तुकडे करू नका. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. विमानाचं आरक्षण दाखवायचं, पूर्ण पैसे भरून तिकीट काढायची गरज नाही. पण पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, खरा हवा. दोनशे रुपयांत मिळणारी बनावट तिकिटं तपासली जातात. हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशी घ्या, आणि निर्णय येईपर्यंत खरोखरच रद्द करू नका.

सोबतच्या पत्रावर मात्र वेळ घालवा. एक पान, साध्या इंग्रजीत. नेटवरचं तयार पत्र उतरवू नका. युरोपचं निसर्गसौंदर्य लहानपणापासून खुणावतंय वगैरे वाक्यं त्या अधिकाऱ्याने सकाळपासून चाळीसदा वाचलेली असतात. तुम्ही परत का येणार, हा त्याचा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचं तुमच्याइतकं चांगलं उत्तर पुण्यातल्या आयटीवाल्याकडेही नसतं. नोकरी आज आहे, उद्या नाही. तुमची बाग कुठे जात नाही. लिहा की इतके एकर द्राक्ष आहे, एप्रिलची छाटणी झाली आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी असते आणि ती मी स्वतः उभा राहून करून घेतो. मधल्या दिवसांत बाग कोण बघणार तेही लिहा, मुलगा असो की भाऊ. एका बागायतदारांनी बागेतला स्वतःचा फोटो लावला होता. मी हसलो होतो. व्हिसा आठव्या दिवशी आला.

नकार आलाच तर हातात एक छापील फॉर्म येतो, त्यावर कारणांपुढे खुणा असतात. दाद मागता येते, पण प्रत्येक देशाची रीत निराळी. स्वित्झर्लंडमध्ये ३० दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, तीही तिथल्या अधिकृत भाषेत आणि पैसे भरून. जर्मनीने तर वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोय जुलै २०२५ पासून बंद केली. सहलीसाठी एवढं करण्यापेक्षा ज्या कारणावर खूण आहे ते दुरुस्त करून नवा अर्ज टाकणं बहुतेकदा बरं. मात्र तीच फाइल आठ दिवसांनी दुसऱ्या शेंगेन देशाकडे नेऊ नका. सगळ्यांची नोंद एकाच यंत्रणेत असते आणि जुना नकार समोरच्याला दिसतो.

यंदाचा व्हिसा मोजक्या दिवसांचाच मिळेल, त्याने खट्टू होऊ नका. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी पायऱ्या ठरल्या आहेत. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर साधारण पाच वर्षांचा. तो मिळाला तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा राहतेच. तुम्हाला यंदा ते लागणार नाही, पण मुलांकडे राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांचा हिशेब नेमका इथे चुकतो. १ एप्रिलला गेलात तर २९ जून हा नव्वदावा दिवस, आणि सलग राहिलात तर पुन्हा आत यायला २८ सप्टेंबर उजाडतो. पूर्वी शिक्के मोजताना नजरचूक व्हायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद सुरू झाली आहे. चेहऱ्याचा फोटो घेतात आणि दिवस यंत्रच मोजतं.

पॅरिसहून लंडनला रेल्वेने जाणार असाल, तर फ्रान्समधून बाहेर पडण्याची आणि ब्रिटनमध्ये शिरण्याची अशा दोन्ही तपासण्या पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनवरच होतात. गाडी सुटायच्या निदान दीड तास आधी पोचा.

आणि बोटांच्या ठशांचं राहिलं. केंद्रात दहाही बोटांचे ठसे देतात, ते शेंगेनसाठी ५९ महिने पुन्हा वापरता येतात. बागेत हात घालणाऱ्यांच्या रेघा झिजलेल्या असतात, तुम्हाला रेशनच्या दुकानातल्या मशीनवर अनुभव आलाच असेल. ठसे द्यायच्या आधी आठ-दहा दिवस फवारणीच्या पंपाला हात लावू नका, छाटणीची कात्री दुसऱ्याच्या हातात द्या आणि रात्री झोपताना बोटांना खोबरेल चोळा. ब्रिटनचे ठसे मार्चमध्ये आहेत, ऐन काढणीत. तेवढे दिवस मुलाला पुढे करा.